सुट्टीतल्या शिबिराचा तासाचा दर काढा

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या फाटकावर शिबिरांचे कागद चिकटतात: कथ्थक, रोबोटिक्स, मातीकाम, 'व्यक्तिमत्त्व विकास'. छापलेली फी बघून पैसे भरू नका, आधी तासाचा दर काढा. समजा शिबिर दहा दिवसांचं, रोज दोन तास आणि फी 3,000 रुपये. तासाला 150 पडले. त्यात टी-शर्ट आणि साहित्याचे 500 मिळवा. रिक्षाचे रोजचे शंभर धरले तर आणखी हजार. बेरीज 4,500, म्हणजे तासाला 225. आईबाबा दोघंही नोकरी करत असतील तर एवढं करूनही उरलेल्या दिवसाचा प्रश्न तसाच राहतो. अशा घरांनी आधी पाळणाघराचा सुट्टीतला पूर्ण दिवसाचा दर विचारावा. बहुतेकदा तो तासाला खूपच स्वस्त पडतो.

शिबिर ठरलंच, तर एका ताईकडे किती मुलं आणि तिसऱ्या दिवशी मूल नको म्हणालं तर पैसे किती परत, हे विचारून उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घ्या. बिल मागाच. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कबूल केलेलं दिलं नाही आणि पैसेही अडवले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करता येते.

एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर मी पोहण्यावर घालेन. एकदा आलं की ते जन्मभर पुरतं. महापालिकेच्या टँकची फी खाजगी क्लबपेक्षा बरीच कमी असते, पण सकाळच्या बॅचा लवकर भरतात, म्हणून चौकशी मार्चमध्येच करा. कॉस्च्युम, टोपी, गॉगल आणि कुठे कुठे डॉक्टरांचा दाखला, हा वरखर्च धरा. फी भरण्याआधी एक बॅच काठावर उभं राहून पूर्ण बघा. जीवरक्षकाचं लक्ष पाण्यात आहे की मोबाइलमध्ये, आणि एका शिक्षकाच्या हाताखाली किती मुलं आहेत, हे तिथेच कळतं. लक्ष मोबाइलमध्ये दिसलं, तर फी कितीही कमी असो, तो टँक नको.

सहलीचा खर्च वाटतो त्याहून कमी असतो. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, कार्ले-भाजे, रायगड ही ठिकाणं केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, एवढं बघून निघा. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे आणि मार्च 2023 पासून महिलांनाही राज्यात अर्धंच. म्हणजे आई आणि दोन मुलं मिळून दीड तिकिटात जातात. रेल्वेत मात्र पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर भाडं पूर्ण लागतं.

भर दुपारी उन्हात पाठवता येत नाही, तेव्हासाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. हाताला काम हवं असेल तर शाडूची पिशवी आणा. गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला की तीच माती दुसऱ्या दिवशी पुन्हा चालते. वाळली तर कुटून पाण्यात भिजत घाला. रंग मात्र देऊ नका, रंगवलेली माती पुन्हा वापरता येत नाही.