चुकून आलेला पैसा



गेल्या पाठात आपण बँकेचे पासबुक वाचायला शिकलो. आज नोटीस कशी वाचायची ते पाहू. नोटीस म्हणजे कचेरीतून आलेली लेखी सूचना. ती हातात पडली की माणसाच्या पोटात गोळा येतो. आमच्याही पोटात आला होता. ती गोष्ट आधी सांगतो.

आमची चूक

२०१९ सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने किसान सन्मान निधी ही योजना सुरू केली. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये द्यायचे. २,००० चा एक, असे तीन हप्ते. तेही थेट बँकेच्या खात्यात. गावोगाव याद्या झाल्या. वडिलोपार्जित दीड एकराच्या सातबाऱ्यावर आमचे नाव आहे, म्हणून आमचेही नाव यादीत गेले. मग एक छापील कागद पुढे आला. चावडीत गर्दी होती. सगळे सही करत होते. आम्हीही केली.

त्या कागदाला स्वयंघोषणापत्र म्हणतात. 'मी नियमात बसतो,' असे आपणच लिहून द्यायचे. पण नियम काय होता? जो प्राप्तिकर भरतो त्याला हा पैसा नाही. सरकारी नोकराला नाही. मात्र शिपायासारख्या चतुर्थ श्रेणीच्या नोकराला सूट आहे. डॉक्टर, वकील, इंजिनियर असा धंदा करणाऱ्याला नाही. आणि ज्याला महिना १०,००० रुपये किंवा जास्त पेन्शन आहे, त्यालाही नाही.

आम्ही निवृत्त मुख्याध्यापक. आमची पेन्शन त्याहून जास्त. सारा जन्म पोरांना सांगत आलो, 'वाचल्याशिवाय सही करू नका.' आणि आम्हीच न वाचता सही ठोकली!

चार हप्ते जमा झाले. आठ हजार रुपये. २०२० च्या दिवाळीनंतर कोतवाल नोटीस घेऊन आला. 'आपण अपात्र आहात. रक्कम परत भरावी.'

खरे सांगतो, दोन दिवस तो कागद आम्ही गादीखाली ठेवला. पैशाचे दुःख नव्हते. लोक म्हणतील, गुरुजीच लबाड निघाले, ही भीती होती. तिसऱ्या दिवशी कागद घरात सापडला. आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, आपलं नाही ते आपल्या घरात कशाला? उद्या भरून या." आम्ही भरून आलो. पावती घेतली. आणि त्या रात्री वर्गात सगळ्यांसमोर सांगितले. छाती हलकी झाली.

आम्ही एकटेच नव्हतो. जुलै २०२१ मध्ये सरकारने लोकसभेत आकडा सांगितला. देशात ४२ लाखांवर अपात्र लोकांकडे सुमारे २,९९२ कोटी रुपये गेले होते. एकट्या महाराष्ट्रात असे लोक ४ लाख ४५ हजारांच्या घरात होते.

चूक आणि लबाडी

पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. चूक वेगळी, लबाडी वेगळी. तामिळनाडूत २०२० साली मोठी लबाडी उघडकीस आली. दलालांनी शेतीखात्यातल्या अधिकाऱ्यांचे पासवर्ड, म्हणजे संगणकाच्या कुलपाची गुप्त किल्ली, वापरली. पाच लाखांवर अपात्र नावे यादीत घुसवली. सुमारे ११० कोटी रुपये गेले. पोलिसांनी माणसे पकडली. त्यात कित्येक गरिबांना ठाऊकही नव्हते की आपले नाव कशात घातले आहे. दलालाने कागद मागितला, त्यांनी दिला.

चूक असो की लबाडी, पैसा परत करावाच लागतो. तो सर्वांच्या करातून आलेला असतो. मात्र चूक झालेल्या माणसाने तोंड लपवायचे कारण नाही.

तात्यांची नोटीस

आता दुसरी बाजू ऐका. आमच्या आळीतले तात्या रात्रीच्या वर्गाला येत. साठीला टेकलेले, पण अक्षरओळख जिद्दीने केलेली. एका संध्याकाळी ते कागद घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"गुरुजी, सहा हजार भरा म्हनत्यात. शेळ्या इकून टाकू का? एक जण म्हनतो, दीड हजार द्या, मी मिटवतो."

आम्ही म्हणालो, "तात्या, कुणाला एक पैसा देऊ नका. आधी कागद वाचू. तुम्हीच वाचा."

तात्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावले. कारण होते, 'प्राप्तिकर भरणारा.' तात्या हसले. "म्या कसला कर भरतोय?" मग ते वर नावाकडे गेले. स्वतःचे नाव वाचले. पुढचा शब्द वाचला. थांबले. पुन्हा वाचला.

"गुरुजी, हे माझ्या बापाचं नाव न्हाई!"

खरेच होते. नाव तेच, आडनाव तेच. मधले नाव वेगळे. नोटीस दुसऱ्याची, आली तात्यांच्या घरी. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कचेरीत गेलो. अर्ज दिला. सोबत आधार कार्डाची आणि पासबुकाची झेरॉक्स जोडली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. दोन खेपा जास्त पडल्या, पण महिन्याभरात काम झाले. तात्यांच्या शेळ्या दावणीलाच राहिल्या.

यंत्रही चुकते

कुणी म्हणेल, हे खेड्यातले घोळ. श्रीमंत देशात सगळे यंत्रावर चालते, तिथे असे होत नसेल. तसे नाही. ऑस्ट्रेलिया देशात बेकार माणसाला सरकार भत्ता देते. कुणी जास्त भत्ता उचलला का, हे शोधायचे काम २०१५ नंतर तिथे संगणकावर सोपवले. त्या संगणकाची रीत अशी होती: माणसाची वर्षाची कमाई घ्यायची आणि प्रत्येक पंधरवड्याला सारखी वाटायची.

यात चूक काय? आपल्याकडचे उदाहरण घेऊ. एका मजुराने सुगीच्या दोन महिन्यांत २४,००० रुपये मिळवले. उरलेले दहा महिने हाताला काम नाही. संगणक म्हणणार, याला दर महिन्याला २,००० मिळत होते. मग बेकारीचा भत्ता का घेतला? काढा परत!

तिथे हेच झाले. लाखो लोकांवर खोटे कर्ज चढले. वर त्यांनाच सांगितले, तुम्ही निर्दोष असाल तर जुने पगाराचे कागद आणा. कित्येकांनी घाबरून पैसे भरले. काहींनी जीव दिला. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये एका बाईच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने असे कर्ज बेकायदा ठरवले. सरकारला वसूल केलेला पैसा परत द्यावा लागला. कॅथरीन होम्स या माजी न्यायाधीश बाईंनी चौकशी केली. जुलै २०२३ च्या अहवालात त्यांनी त्या पद्धतीवर कडक ठपका ठेवला.

यावरून काय घ्यायचे? देणे खरे असेल तर आपण द्यावे. पण मागणाऱ्यानेही हिशोब दाखवावा. हिशोब विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

नोटीस आली तर

१. कागद लपवू नका, फाडू नका. आलेली तारीख त्यावर लिहून ठेवा.

२. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, सारे अक्षर लावून वाचा.

३. कारण कोणते, रक्कम किती, मुदत किती, ते पाहा. रक्कम पासबुकाशी ताडून पाहा. तीन हप्ते आले असतील तर सहाच हजार निघतात.

४. मागणी खरी असेल तर कचेरीने सांगितलेल्या ठिकाणीच भरा. पावती घ्या आणि जपा. एकदम जमत नसेल तर तसा लेखी अर्ज करा.

५. मागणी खोटी असेल तर मुदतीच्या आत लेखी कळवा. नुसते तोंडी सांगून भागत नाही.

६. फोनवर कुणी ओटीपी, म्हणजे मोबाईलवर येणारा गुप्त आकडा, मागितला तर देऊ नका. दलालाला पैसे देऊ नका.

अर्जाचा नमुना

मा. तहसीलदार साहेब यांस,
मी ........ , राहणार ........ , आपणास कळवितो की, दिनांक ........ ची नोटीस मला मिळाली. त्यातील मागणी मला मान्य नाही. कारण ........ . कृपया हिशोब व कागद दाखवावेत आणि चौकशी करून नोटीस रद्द करावी. सोबत कागद जोडले आहेत.
आपला नम्र,
(सही आणि तारीख)

शब्दार्थ

पात्र – नियमात बसणारा.
अपात्र – नियमात न बसणारा.
वसुली – दिलेला पैसा परत घेणे.
पोच – कागद मिळाल्याची खूण.
मुदत – ठरवून दिलेले दिवस.

प्रश्न

१. गुरुजींची चूक कोणती? ती कशामुळे झाली?
२. तात्यांना चूक कशी सापडली?
३. पाच हप्ते आले तर किती रुपये होतात? पासबुक उघडून आपले हप्ते मोजा.
४. वरचा अर्ज वहीत स्वतःच्या हाताने लिहा. खाली सही करा. पण आधी वाचा!