हेन्रीची देणगी

(मित्राचे नाव, घराचा रस्ता, कालचा धडा हे सारे आपल्याला आठवते. पण आठवण तयार कशी होते? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंची आणि त्यांना साथ देणाऱ्या एका रोग्याची ही खरी हकीकत आहे.)

सन १९५५ मधील गोष्ट. कॅनडातील माँट्रिअल शहरातून एक बाई रात्रीच्या रेल्वेगाडीने अमेरिकेतील हार्टफर्ड शहराला निघाल्या होत्या. त्यांचे नाव ब्रेंडा मिलनर. त्यांचा जन्म १९१८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. पुढे माँट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठात डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची स्मरणशक्ती तपासणे, हे त्यांचे काम होते. हार्टफर्डला त्यांना हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाला भेटायचे होते.

हेन्रीला लहानपणापासून अपस्माराचा विकार होता. त्याला वारंवार झटके येत. वय वाढले, तसे झटकेही वाढले. औषधांचा उपयोग होईना. नोकरी करणेही त्याला अशक्य झाले. अखेर १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यांनी त्याच्या मेंदूतील, दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर असलेला थोडा भाग काढून टाकला. त्यातच हिप्पोकॅम्पस नावाचा भाग होता. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा असतो, म्हणून त्याला हे ग्रीक नाव मिळाले. या भागाचे नेमके काम काय, हे त्या वेळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर हेन्रीचे झटके पुष्कळ कमी झाले. पण एक भलतेच संकट उभे राहिले. रुग्णालयातील माणसांना तो ओळखेना. रोजच्या वापरातील स्नानगृहाची वाट त्याला सापडेना. आईवडील त्याला ओळखू येत होते, लहानपणच्या गोष्टी आठवत होत्या, बुद्धीही शाबूत होती. परंतु नवी आठवण काही त्याच्या मनात टिकत नव्हती. एकच मासिक तो पुन्हा पुन्हा वाची आणि प्रत्येक वेळी ते त्याला नवेच वाटे.

मिलनरबाईंनी त्याची तपासणी सुरू केली. एकदा त्यांनी त्याला ५८४ ही संख्या लक्षात ठेवायला सांगितली आणि त्या खोलीबाहेर गेल्या. पंधरा मिनिटांहून अधिक वेळाने त्या परतल्या. हेन्रीने संख्या अचूक सांगितली! ती कशी लक्षात ठेवली, असे विचारताच त्याने युक्ती सांगितली. ५, ८ आणि ४ यांची बेरीज १७. त्यातून ८ वजा केले, की ९ उरतात. ९ चे दोन भाग ५ आणि ४. झाली संख्या ५८४! तो हे सारे मनात सतत घोळवत बसला होता. पण थोड्याच वेळात बोलण्याचा विषय बदलला आणि ती संख्या तो विसरला. आपल्याला एखादी संख्या दिली होती, हेही त्याला आठवेना.

मग मिलनरबाईंनी एक वेगळाच प्रयोग केला. कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी काढलेली होती. हात आणि कागद थेट पाहायचा नाही. आरशात पाहून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. तुम्हीही हे करून पाहा. हात भलतीकडेच जातो! हेन्रीच्याही पहिल्या दिवशी पुष्कळ चुका झाल्या. त्याने तीन दिवस सराव केला. शेवटी तो सफाईने चांदणी काढू लागला. मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला मुळीच आठवत नव्हते. अवघड वाटणारे काम इतके सोपे कसे झाले, याचे त्यालाच नवल वाटले.

मिलनरबाईंना फार मोठा धागा सापडला. हेन्रीचे मन विसरले होते, पण त्याचा हात शिकला होता! याचा अर्थ, स्मरणशक्ती एकच नसते. घडलेल्या गोष्टींची आठवण वेगळी आणि हाताला लागलेले वळण वेगळे. त्यांसाठी मेंदूचे वेगवेगळे भाग काम करतात. नव्या प्रसंगांच्या आठवणी घडवण्यासाठी हिप्पोकॅम्पस आवश्यक असतो. मिलनर आणि स्कोव्हिल यांनी १९५७ साली हेन्रीविषयी लेख प्रसिद्ध केला. अशी शस्त्रक्रिया मेंदूच्या दोन्ही बाजूंना करू नये, असा इशाराही डॉ. स्कोव्हिल यांनी इतर डॉक्टरांना दिला.

पण आठवण घडते म्हणजे काय होते? आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना सूक्ष्म संदेश पाठवतात. ज्या पेशी वारंवार एकत्र काम करतात, त्यांच्यातील दुवा बळकट होतो, असा विचार डोनाल्ड हेब यांनी १९४९ सालीच मांडला होता. पायवाट जशी येण्याजाण्याने पडते, तसेच हे आहे. १९९४ साली विल्सन आणि मॅक्नॉटन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला. उंदीर फिरत असताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी बरोबर जाग्या होत, त्याच पेशी पुढे तो झोपल्यावरही बरोबर जाग्या होताना दिसल्या. जणू मेंदू झोपेत दिवसाची उजळणीच करत होता! म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे : अभ्यासाइतकीच झोपही आवश्यक आहे.

हेन्री २००८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी मरण पावला. पन्नासहून अधिक वर्षे त्याने शास्त्रज्ञांना हसतमुखाने मदत केली. तोपर्यंत पुस्तकांत त्याच्या नावाची फक्त आद्याक्षरे छापली जात. त्याचे पूर्ण नाव जगाला मृत्यूनंतरच कळले. मिलनरबाई त्याला कितीदा तरी भेटल्या, पण प्रत्येक भेटीत त्यांना आपली ओळख नव्याने करून द्यावी लागे. आपल्यामुळे इतर लोकांना मदत व्हावी, असे तो म्हणत असे.

ज्याला कालचा दिवस आठवत नव्हता, त्याने जगाला आठवणीचे रहस्य उलगडून दाखवले. त्याला कोणी विसरू नये.

शब्दार्थ
अपस्मार – झटके येऊन शुद्ध हरपण्याचा विकार
शाबूत – जशीच्या तशी, सुरक्षित
चेतापेशी – संदेश वाहून नेणाऱ्या मेंदूतील पेशी
दुवा – जोडणारा भाग
उजळणी – शिकलेले पुन्हा वाचणे किंवा म्हणणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हेन्रीवर शस्त्रक्रिया का करावी लागली?
(आ) हेन्रीने ५८४ ही संख्या कशी लक्षात ठेवली?
२. 'मन विसरले, पण हात शिकला' असे लेखकाने का म्हटले आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : आठवणे, अवघड, बळकट, जागरण.
४. वाक्यात उपयोग करा : मनात घोळवणे, ध्यानात ठेवणे, नवल वाटणे.
५. उपक्रम : आरशात पाहून चांदणी काढा. रोज किती चुका झाल्या, ते तीन दिवस वहीत लिहून ठेवा.