‘बाउंडरी’ : अर्थ आणि उपयोजन

इंग्रजीतील ‘बाउंडरी’ या शब्दासाठी मराठीत सामान्यतः ‘सीमा’, ‘हद्द’ व ‘मर्यादा’ हे प्रतिशब्द योजले जातात. तिन्ही योग्य आहेत. परंतु ते एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. त्यांतून निवड कोणत्या तत्त्वावर करावी, हा अनुवादकापुढील खरा प्रश्न होय.

‘बाउंडरी’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. त्याच्या मुळाशी असलेला ‘बाउंड’ फ्रेंचमार्गे आलेला असून ‘बांधलेला’ या अर्थाच्या ‘बाउंड’शी त्याचे व्युत्पत्तिदृष्ट्या नाते नाही. ‘बॉर्डर’ म्हणजे कड. तिला रुंदी असते, तिच्यावर वस्ती असते. ‘बाउंडरी’ ही दोन क्षेत्रे विभागणारी रेषा. १९४७ मध्ये सिरिल रॅडक्लिफ यांच्या अध्यक्षतेखाली पंजाब व बंगाल यांच्या विभाजनासाठी नेमलेल्या आयोगांच्या नावांत म्हणूनच ‘बाउंडरी’ आहे. निर्वासितांनी ओलांडली ती मात्र ‘बॉर्डर’.

मराठी ‘सीमा’ हा शब्द रेषा आणि प्रदेश या दोहोंचा भार वाहतो : ‘सीमारेषा’ आणि ‘सीमाभाग’. त्याचा तद्भव ‘शीव’ गावाच्या भूमीशी निगडित आहे. अरबी मूळ असलेला ‘हद्द’ अधिकारक्षेत्र सुचवितो. पोलीस ठाण्याची हद्द असते, शीव नसते.

अधिक सूक्ष्म अडचण ‘मर्यादा’ या शब्दाची आहे. संस्कृतात त्याचा अर्थ सीमा असा असून सदाचाराचे बंधन हा अर्थही त्याला आहे. अलीकडील इंग्रजी लेखनात ‘बाउंडरी’ व्यक्तिसंबंधांनाही लावली जाते. तेथे ‘मर्यादा’ सहज सुचते. परंतु मर्यादा पाळावयाची असते ती स्वतः. अशी ‘बाउंडरी’ मात्र आखली जाते ती दुसऱ्याने पाळावी म्हणून. कादंबरीतील मुलगी वडिलांपुढे ‘बाउंडरी’ आखते, तेव्हा ‘तिने आपल्या मर्यादा ठरविल्या’ असे भाषांतर केल्यास तिचा ठामपणा संयमात, किंबहुना शरणागतीत रूपांतरित होतो. अशा ठिकाणी नामाचा आग्रह सोडून ‘यापुढे माझ्या निर्णयांत तुम्ही पडायचे नाही, असे तिने वडिलांना बजावले’ अशी वाक्यरचना करणे अधिक अर्थनिष्ठ ठरते.

तात्पर्य, रेषा कोठे आहे एवढे पाहून प्रतिशब्द ठरत नाही. ती कोणी आखली आणि कोणावर बंधनकारक आहे, हेही पाहावे लागते.