मनगटाचा ताठरपणा : वेळीच ओळख, नित्य उपचार

हाताची मूठ घट्ट आवळून मनगट आतल्या बाजूस पूर्ण वाकवावे. पकड आपोआप ढिली पडल्याचा अनुभव कोणासही येईल. मनगट किंचित मागे कललेले असले, तरच बोटांना बळ मिळते. मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, असलेल्या अनेक बालकांचे मनगट सतत आत वाकलेले राहते. अशा बालकास पेला वा पेन्सिल धरता येत नाही, ते आळसामुळे नव्हे.

गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूस इजा झाल्यास स्नायूंवरील नियंत्रण बिघडते व ते ताठरतात. ही इजा पुढे वाढत नाही. मनगटाची स्थिती मात्र उपचाराविना बिघडू शकते. हाडे वाढतात, पण ताठर स्नायू त्या प्रमाणात लांबत नाहीत. आज सहज सरळ होणारे मनगट काही वर्षांनी आखडून बसते.

बालक चार-पाच महिन्यांनंतरही मूठ मिटलेलीच ठेवत असेल, किंवा वर्षाच्या आतच एकाच हाताने सर्व काही घेत असेल, तर ‘डावखुरे असेल’ असे समजून थांबू नये. त्वरित तपासणी करून घ्यावी.

उपचाराचा पाया हाताचा वापर हाच आहे. शेंगा सोलणे, कणकेचा गोळा थापणे, ताट दोन्ही हातांनी उचलणे अशी कामे खेळाप्रमाणे रोज करवून घ्यावीत. चांगला हात काही काळ बांधून अशक्त हातास काम देण्याची पद्धतही आहे. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच अवलंबावी. मनगटास आधार देणारी स्प्लिंट मापाची असावी. जोराने मनगट ओढणे अपायकारक ठरते, आणि केवळ तेलमालिशीने हा ताठरपणा जात नाही. गरजेनुसार बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो. त्या अवधीत व्यायाम न केल्यास लाभ वाया जातो. मोठ्या मुलांत निवडक प्रसंगी कंडरांची शस्त्रक्रिया करतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून देशभर राबविला जात आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात अंगणवाडीत व शाळेत तपासणी होते आणि गरजूंना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. त्यामुळे कुटुंब महाराष्ट्रातील खेड्यात असो, वा इंदूरच्या भंवरकुआं भागात स्थायिक झालेले असो, पहिली विचारणा जवळच्या अंगणवाडीत करता येते. मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून अशा रुग्णांसाठी कार्यरत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या विकाराचा समावेश आहे.

शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याचा कागद बाकावर चिकटवून द्यावा, जाड पेन्सिल द्यावी आणि लिहिण्यास अधिक वेळ द्यावा. अक्षर वाकडे आले तरी हात कामात राहिला, हेच त्या दिवसाचे यश होय.