घर गहाण टाकण्याआधी

अंबरनाथ (पूर्व)

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचला. मोबाइलवर बोटं झिजवून एवढं मोठं उत्तर देणं मला जमणार नाही, म्हणून कागदावर लिहितोय. तुझी आई परवा येऊन गेली. बदलापूरचा फ्लॅट गहाण टाकायचं तू मनात घेतलंयस म्हणून तिच्या डोळ्याला डोळा नाही. मी तिची समजूत काढलेली नाही, तशी तुझीही काढणार नाही. सिनेमा काढू नकोस असं सांगायला हे पत्र नाही. तो कोणत्या क्रमानं काढावा, एवढंच सांगायचं आहे.

तू लिहिलंस, "मामा, दादासाहेब फाळक्यांनी नाही का बायकोचे, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण टाकले?" टाकले ना. पण ते कधी टाकले, हे कुणी सांगत नाही. दागिन्यांची गोष्ट सभांमधून सांगायला बरी वाटते. त्याआधीचं सव्वा-दीड वर्ष कंटाळवाणं आहे, आणि निर्मात्याचं शिक्षण त्या कंटाळवाण्या भागातच आहे.

फाळके चाळिशी ओलांडलेले, छपाईच्या धंद्यात भागीदारी करून बाहेर पडलेले गृहस्थ. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट गिरगावात पाहिला आणि ठरवलं की आपले देव असे पडद्यावर यायला हवेत. पुढे रोज तासन्‌तास सिनेमे पाहून डोळे अधू करून घेतले. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची बोट धरली. म्हणजे पहिलं कर्ज त्यांनी सिनेमासाठी काढलंच नाही. काढलं ते धंदा शिकण्यासाठी आणि यंत्र आणण्यासाठी. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले. त्या भल्या माणसानं आधी परावृत्तच केलं, आणि तरीही हा हटत नाही म्हटल्यावर टेम्सकाठच्या वॉल्टन गावी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेलं. हेपवर्थनं आपला सगळा स्टुडिओ मोकळा करून दाखवला. फाळक्यांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि एप्रिलमध्ये मुंबई गाठली.

आल्या आल्या 'राजा हरिश्चंद्र' सुरू केला का? नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण रोज करून मिनिटाभराची फिल्म केली. ती पैसेवाल्यांना दाखवली. अंकुर डोळ्यांदेखत वर येताना पाहून त्यांची खात्री पटली. तरीही तारण लागलं, आणि तेव्हा कुठे सरस्वतीबाईंचे दागिने आले. शिक्षण, यंत्र, नमुना, सावकार आणि शेवटी घरातलं सोनं, असा तो क्रम होता. तू शेवटच्या पायरीवरून सुरुवात करायला निघाली आहेस.

तुझा वाटाण्याचा दाणा कुठे आहे? तीन लघुपट केलेस ते मी पाहिले, चांगले आहेत. पण ते दिग्दर्शिकेचे नमुने आहेत. ठरल्या दिवशी सुरू झालं, ठरल्या दिवशी संपलं, ठरल्या पैशांत बसलं आणि खर्च अमुक मार्गानं परत आला, असा नमुना एखादा दाखव. तो दाखवलास तर बाहेरचा पैसा येईल, आणि फ्लॅटची पाळी कदाचित येणारच नाही.

आता हेपवर्थविषयी थोडं, कारण यशस्वी निर्माता म्हणून तू त्याचंही नाव लिहिलं आहेस. वडील मॅजिक लँटर्न दाखवत व्याख्यानं देत, त्यामुळे पडद्याशी ओळख लहानपणापासूनची. १९०५ मध्ये त्यानं 'रेस्क्यूड बाय रोव्हर' हा सहा-सात मिनिटांचा सिनेमा काढला. पळवलेलं तान्हं मूल घरचा कुत्रा शोधून काढतो, एवढीच गोष्ट. कथा बायकोची. आईबापाच्या भूमिकेत नवराबायको स्वतः, मूल स्वतःचं, कुत्राही घरचा. एकूण खर्च सात पौंड, तेरा शिलिंग, नऊ पेन्स. प्रती विकल्या गेल्या ३९५! प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजलं, म्हणून तोच सिनेमा पुन्हा दोनदा चित्रित करावा लागला.

आपल्याकडेही तसंच होतं बघ. दादरच्या घरात सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, आणि शिवाय कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक करत होत्या. रोहिदास झाला मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना, तर ग्रँट रोडच्या खानावळीतले अण्णा साळुंके उभे केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. पुढे 'लंकादहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. 'कालियामर्दन'चा कृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.

या दोघांचा सुरुवातीचा काळ मला उल्हासनगरसारखा वाटतो. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत आली, बराकींमध्ये राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. या लोकांनी पहिला कारखाना राहत्या खोलीत घातला. बाई पापड लाटते, मुलगा गाडीत विकतो, बाप रात्री हिशेब मिटवल्याशिवाय आडवा होत नाही. तुझा भागीदार होऊ पाहणारा कॅम्प पाचचा जीन्सवाला याच संस्कारातला आहे. त्याला सिनेमा कळत नाही म्हणून तू हसतेस. पण कापडाचा तागा, शिलाई, धुलाई आणि उधारी धरून एका पँटीमागे काय सुटतं, हे तो झोपेतही सांगेल. एका तिकिटामागे तुझ्या हाती काय येईल, हे तू मला दिवसाउजेडी सांगू शकशील?

नाही सांगू शकलीस तर मी सांगतो. माझी सगळी नोकरी लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये, वितरकाच्या ऑफिसात गेली. थिएटरांकडून आलेले रोजच्या कलेक्शनचे आकडे वहीत चढवायचे, हेच काम. निर्माते मी पोस्टरवरच्या नावांवरून ओळखले नाहीत, येणेबाकीच्या रकान्यावरून ओळखले. पेपरात 'कोटींची कमाई' छापून येते ती ग्रॉस. त्यातून कर जातो, थिएटरचा वाटा जातो, वितरकाचं कमिशन जातं. जाहिरातीचा खर्च आणि डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे वितरक आधी वसूल करतो. मग उरलं तर निर्मात्याचं. २००९ मध्ये हिंदी निर्मात्यांनी वाट्यासाठी मल्टिप्लेक्सना दोन महिने नवे सिनेमे दिले नाहीत. शेवटी तडजोड झाली ती पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे ३०, अशी. म्हणजे सिनेमा हळूहळू जोर धरणारा असेल, तर गर्दी वाढेल तसा तुझा टक्का घटत जाणार. बड्या कंपन्या एकजूट करून एवढंच मिळवू शकल्या. तू एकटी, त्यात मराठी सिनेमा. दुपारी बाराचा एकच शो मिळाला, तर प्रेक्षकांना दोष देऊन उपयोग नाही.

थिएटर मिळण्याचा प्रश्न आजचा नाही. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमधून हिंदी सिनेमासाठी काढायला निघाले होते. शिवसेना मध्ये पडली तेव्हा तो टिकला. पण पुढचे सगळे रौप्यमहोत्सव काही शिवसेनेनं केले नाहीत. कामाक्षी पिक्चर्स ही स्वतःची संस्था, पडद्यावर बहुतेकदा उषा चव्हाण, संगीताला राम-लक्ष्मण, गळे महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांचे. जमलेला संच दादांनी मोडला नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला आपला प्रेक्षक कोण, कोणत्या गावात राहतो आणि कशाला हसतो, हे पुरतं ठाऊक होतं. तुझा प्रेक्षक कोण? "सगळे" असं लिहू नकोस. सगळ्यांसाठी काढलेला सिनेमा कुणीच पाहत नाही, हे मी वहीत फार वेळा पाहिलं आहे.

आता न आवडणारा भाग. फाळके १९१४ मध्ये आपले सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, आणि हेपवर्थनं इंग्लंडमध्येच राहून आपल्यासाठी सिनेमे काढायचं निमंत्रण दिलं. फाळक्यांनी नाकारलं, धंदा मायदेशीच उभा करायचा म्हणून. परतले तो महायुद्ध पेटलं आणि सावकारांनी हात आखडले. पुढे 'लंकादहन' तुफान चालला, तेव्हा धनिक आपण होऊन आले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवल आलं, त्याबरोबर भागीदार आले, आणि खर्चावरून कुरबुरी आल्या. वर्ष-दोन वर्षांत फाळके वैतागून काशीला निघून गेले. १९२२ मध्ये परत आले ते त्याच कंपनीत, पण पगारावर. बोलपट आले तेव्हा त्यांचा 'सेतुबंधन' मुका तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा सिनेमा १९३७ चा, तोही कोल्हापूरच्या कंपनीसाठी. नव्वदहून अधिक चित्रपट काढलेला माणूस १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकात गेला, तेव्हा हाती फारसं काही नव्हतं.

हेपवर्थचं निराळं झालं असं वाटतं का तुला? त्यानंही पहिल्या महायुद्धानंतर स्टुडिओ वाढवायचा घाट घातला. त्यासाठी काढलेले शेअर अपेक्षेइतके खपले नाहीत. काळ अमेरिकन सिनेमाचा होता आणि हा आपल्या जुन्या संथ पद्धतीला धरून बसला. १९२४ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि आयुष्यभराच्या कामाची निगेटिव्ह वितळवली गेली. ज्यानं ब्रिटिश सिनेमाला उभं केलं, त्यानं नंतर दुसऱ्यांच्या सिनेमांच्या जाहिराती आणि ट्रेलर बनवून दिवस काढले.

दोघांच्याही अंगी कला होती, मेहनत होती, पैसाही आला होता. दोघेही बुडाले ते अपयशामुळे नव्हे. यश आल्यावर आपल्या आवाक्याबाहेरचा पसारा मांडला आणि मालकी दुसऱ्यांच्या हाती गेली, त्यामुळे.

भागीदारी वाईट असते असं मी म्हणत नाही. 'प्रभात' १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच जणांनीच काढली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी पैसा घालणारे. कोण काय करणार हे स्पष्ट होतं, म्हणून 'अयोध्येचा राजा' आणि 'संत तुकाराम'सारखं काम झालं. तरी १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, त्यांनी राजकमल काढली, आणि १९५३ मध्ये प्रभात बंद झाली. सोन्यासारखी माणसंसुद्धा वेगळी होतात. म्हणून वेगळं कसं व्हायचं हे एकत्र येतानाच लिहून ठेवावं.

तेव्हा ऐक. जीन्सवाल्याशी बोलताना पहिल्या बैठकीत करार समोर ठेव. नफा कसा वाटायचा हे सगळेच लिहितात. तोटा कुणी किती सोसायचा, खर्च वाढला तर वरचे पैसे कोण घालणार, आणि सिनेमा अर्धवट राहिला तर तो कुणाचा, हे लिहून घे. कथेचे, संगीताचे, टीव्हीचे, ओटीटीचे आणि पुढे रिमेकचे हक्क वेगवेगळे मांड. 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य दिसलं की तिथेच पेन खाली ठेव. पटकथा वकिलाला दाखवू नकोस, करार दाखव. शासनाचं अनुदान बजेटमध्ये जमा धरू नकोस. ते सिनेमा तयार होऊन परीक्षण झाल्यावर मिळालं तर मिळतं, आणि शूटिंगच्या दिवसाचं जेवण त्यातून येत नाही. प्रसिद्धीचे पैसे पहिल्या दिवशी बाजूला काढ. निर्मिती संपेपर्यंत सगळं संपवून मग पोस्टरसाठी दारोदार फिरणारे निर्माते मी फार पाहिले. आणि रोजचा हिशेब रोज, स्वतःच्या हातानं लिही. तू दिग्दर्शन करणार असशील तर निर्मितीला दुसरं खमकं माणूस बसव, जे तुला 'नाही' म्हणू शकेल.

राहता राहिला फ्लॅट. तो तुझ्या आईबाबांच्या म्हातारपणाचा आहे. बुडाला तर चालेल एवढाच पैसा सिनेमात घालायचा असतो, आणि राहतं घर त्या हिशेबात बसत नाही. आधी दोन-तीन लाखांत पूर्ण होईल असं काहीतरी काढ, विक आणि त्याची जमा-खर्चाची वही घेऊन माझ्याकडे ये. वहीत खालची ओळ तुटीची असली तरी चालेल, पण ती खरी असू दे. ती वही चोख असेल तर माझ्या फंडाच्या पैशातला काही भाग मी स्वतः तुझ्या सिनेमात घालीन, आणि त्याचाही करार करीन. तोवर घराच्या कागदांना हात लावू नकोस.

आईला फोन कर.

तुझा,
मामा