इंग्लंडांतील नेप इस्टेट : रानदर्शनाचा जोडधंदा

शेतीच्या जोडधंद्यांचा विषय निघाला म्हणजे कोंबड्या, मधमाशा, रेशमाचे किडे आणि दूधदुभतें यांचींच नांवें बहुधा पुढें येतात. आज आम्ही वाचकांपुढें त्यांहून निराळा असा एक जोडधंदा अभ्यासासाठीं ठेवीत आहों. आपल्या जमिनीवरील पशु, पक्षी, कीटक व झाडेंझुडपें माहितगार मनुष्याबरोबर हिंडून पाहण्यासाठीं शहरांतील लोकांस बोलवावें, त्यांची दोन-चार दिवस राहण्याजेवण्याची सोय करावी आणि त्याबद्दल वाजवी मोबदला घ्यावा, असें त्याचें स्वरूप आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागांत वेस्ट ससेक्स परगण्यांत नेप नांवाची सुमारें ३,५०० एकरांची एक खाजगी इस्टेट आहे. तेथें हा धंदा २०१४ सालापासून पद्धतशीर चालू आहे. मालकानें शेती सोडली, जमीन रानास दिली आणि पाहुण्यांच्या पैशावर तो तरला, अशा थोडक्या शब्दांत ही हकीकत सांगण्याचा प्रघात पडला आहे. ती इतकी थोडक्यांत सांगितली म्हणजे शेतकऱ्याच्या उपयोगाचा जो भाग, तोच नेमका गळून पडतो.

प्रथम जमीन पाहूं. नेपची माती खोल व अत्यंत चिकण. हिंवाळ्यांत ती चिबडून जाते, जनावराचे पाय रुततात आणि यंत्र शेतांत घालण्याची सोय राहत नाहीं. उन्हाळ्यांत तीच विटेसारखी कठीण होऊन भेगाळते. ससेक्सच्या बोलींत चिखलास तिसांहून अधिक शब्द आहेत असें सांगतात, यावरून तेथील कुणब्याची दशा ध्यानांत यावी. वाफशाचे दिवस थोडे आणि त्या थोड्या दिवसांत नांगरट व पेरणी उरकावयाची. १९८७ सालीं ही इस्टेट आजा-आजीकडून चार्ल्स बरेल यांच्या ताब्यांत आली. त्यांनीं गहू व इतर धान्यें, दुभत्या गाईंचे कळप, नवीं यंत्रें, रासायनिक खतें, असे त्या काळीं शास्त्रशुद्ध समजले जाणारे सर्व उपाय करून पाहिले. परंतु हलक्या, निचऱ्याच्या जमिनी कसणाऱ्यांच्या तोडीचा उतारा येईना आणि कर्ज मात्र वाढत गेलें. कष्ट कमी पडले किंवा ज्ञान कमी पडलें असें नव्हे. जमीनच त्या पिकांस अनुकूल नव्हती. अखेर २००० सालीं दुभत्या गाई व यंत्रें विकून टाकण्यांत आलीं. आपल्या गोठ्यांतील दावणी मोकळ्या झाल्या तेव्हां त्या कुटुंबास काय वाटलें असेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

पुढें जें केलें तें एका दिवसांत ठरलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं धान्यासाठीं नांगरलेली घराभोंवतालची जुनी राई व कुरण २००१ सालापासून सरकारी अनुदान घेऊन पुन्हां गवताखालीं आणलें. त्यांत प्रथम फॅलो जातीचीं हरणें सोडलीं. नंतर लांब शिंगांच्या जुन्या इंग्रजी गाई, एक्समूर जातीचीं तट्टें आणि टॅमवर्थ जातीचीं तांबूस डुकरें आलीं. दक्षिणेकडील शेतें टप्प्याटप्प्यानें पेरणी बंद करून तशींच पडीत टाकलीं आणि २००९ सालीं भोंवतीं मजबूत कुंपण झाल्यावर तेथेंही जनावरें सोडलीं. फ्रान्स व्हेरा या डच शास्त्रज्ञाचें मत असें कीं, प्राचीन युरोप हा सगळाच दाट अरण्यानें झांकलेला नव्हता. मोठीं चरणारीं जनावरें कुरण, झुडूप व राई यांचें मिश्रण राखून होतीं. बरेल यांनीं या मताचा आधार घेतला. तेथें लांडगे नाहींत, म्हणून कळपांची संख्या माणसानेंच मर्यादेंत ठेवावी लागते आणि त्यांतून वर्षाकाठीं, जिवंत वजनानें मोजल्यास, सुमारें ७५ टन मांसाची जनावरें विक्रीस निघतात. म्हणजे ही जमीन अन्नोत्पादनांतून सर्वस्वीं बाहेर गेली असें म्हणतां येत नाहीं.

पडीत जमिनीवर जें घडलें तें शेतकऱ्यानें बारकाईनें पाहण्याजोगें आहे. पहिल्या कांहीं वर्षांतच कांटेरी झुडपांनीं शेतें व्यापलीं. जे नांवाचा कावळ्याच्या कुळांतील पक्षी ओकचीं फळें जमिनींत पुरून ठेवतो. त्यांतील जीं तो विसरतो त्यांस कोंब येतात. उघड्यावरील कोंब जनावरें खाऊन टाकतात, परंतु जाळींत उगवलेला कोंब कांट्यांच्या आश्रयानें वाढून पुढें डोकें वर काढतो. आपल्याकडे करवंदीच्या जाळींत एखादें कडुनिंबाचें रोप शेळ्यांच्या तोंडून वांचलेलें वाचकांनीं पाहिलेंच असेल. तोच हा प्रकार. डुकरें नाकाडानें ओली माती उकरतात, त्या उकरलेल्या जागीं वाळुंजाच्या जातीचें सॅलो नांवाचें झाड रुजतें आणि त्याच्या पानांवर पर्पल एम्परर या जांभळ्या फुलपांखराच्या अळ्या वाढतात. ब्रिटनमध्यें दुर्मिळ असलेल्या या फुलपांखराची तेथें आज मोठी वस्ती आहे. हींच डुकरें तळ्यांत बुड्या मारून शिंपले काढून खातात, हें मात्र कोणीं अपेक्षिलें नव्हतें.

शेणाची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आयव्हरमेक्टिनच्या वर्गांतील जंतनाशक औषधें जनावराच्या पोटांतून शेणावाटे बाहेर पडतात व शेणांत वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या मारतात. नेप येथें हीं औषधें सरसकट देण्याचें बंद केल्यावर गाईच्या शेणाच्या एकाच ढिगांत २३ जातींचे भुंगेरे मोजले गेले. भुंगेरे शेण जमिनींत ओढून नेतात, त्यायोगें माती भुसभुशीत होते, पाणी मुरतें आणि भुंगेरे खाणारीं पाखरेंही येतात. यासाठीं ३,५०० एकर लागत नाहींत. चार गुरें असणाऱ्यानेंही पशुवैद्याच्या सल्ल्यानें, गरज असेल तेव्हांच औषध देण्याचा विचार करावा.

पाखरांचें सांगावयाचें तर, नाइटिंगेल हा गाणारा पक्षी इंग्लंडांत झपाट्यानें घटत असतांना २०१२ च्या मोजणींत नेप येथें गाणाऱ्या नरांचे ३४ इलाखे आढळले. तितकाच संकटांत असलेला टर्टल डव जातीचा होला तेथें वाढला. २०२० सालीं पांढऱ्या करकोच्यांच्या जोड्यांनीं तेथें पिलें काढलीं. अशी घटना ब्रिटनमध्यें कित्येक शतकांत नमूद नव्हती. हाच करकोचा हिंवाळ्यांत भारतांतही उतरतो.

शेजारी मात्र संतापले. ज्या शेतांत त्यांच्या वाडवडिलांनीं युद्धकाळीं धान्य पिकविलें तेथें कांटे व तण माजलेलें पाहून त्यांस तो आळस आणि श्रमांचा अपमान वाटला. गुराढोरांस विषारी असणाऱ्या पिवळ्या रॅगवर्टविषयीं तक्रारी झाल्या. एका वर्षीं उंटकटाऱ्यासारख्या थिसल या कांटेरी तणानें शेतेंच्या शेतें व्यापलीं. आतां काय करावें असा पेंच पडला असतां २००९ सालीं पेंटेड लेडी फुलपांखरांची प्रचंड लाट परदेशांतून आली, त्यांच्या अळ्यांनीं थिसल खाऊन फस्त केलें आणि पुढील वर्षीं तें जवळजवळ दिसेनासें झालें. ही गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. आमचें मत थोडें निराळें आहे. फुलपांखरें आलीं हें मालकाचें सुदैव. दरवर्षीं शेजाऱ्याच्या बांधापलीकडून तणाचें बीं उडून येत असेल तर त्या शेजाऱ्यानें फुलपांखरांची वाट पाहत बसावें असें कोणीही म्हणणार नाहीं. सरहद्दीलगतचें तण काढणें हें कर्तव्यच होय, आणि नेपच्या मालकांनींही रॅगवर्टच्या बाबतींत सरहद्दीचा पट्टा सांभाळला.

आतां पाहुण्यांकडे वळूं. नेपला जाणाऱ्या मनुष्यास तेथें वाघ नाहीं कीं सिंह नाहीं. शिवाय इस्टेटींतून सार्वजनिक पायवाटा गेलेल्या आहेत व त्यांवरून कोणीही फुकट हिंडूं शकतो. मग तो पैसे कशाचे देतो? आमच्या मतें मुख्यत्वें वाटाड्याचे. जुन्या लष्करी मोटारींतून अगर पायीं लहान लहान टोळ्या काढल्या जातात आणि बरोबरचा वाटाड्या या विषयाचा अभ्यासू असतो. शेणांतील भुंगेरा, वारूळ, डुकरानें उकरलेली माती, जाळींतील ओक यांचा परस्परसंबंध तो उलगडून दाखवितो. जें पायवाटेवरून जाणाऱ्यास नुसतें रान दिसतें, तें त्याच्या बोलण्यानें वाचतां येऊं लागतें. फेऱ्याही ऋतूनुसार बदलतात: वसंतांत पहाटे पाखरांचीं गाणीं व रात्रीं नाइटिंगेल, जूनअखेर ते जुलै पर्पल एम्परर, शरद ऋतूंत माजावर आलेल्या हरणांच्या झुंजी, शिवाय रात्रींचीं वटवाघळें व पतंग. एकच जमीन, परंतु प्रत्येक महिन्याचा माल निराळा. राहण्यास तंबू, झाडांवरील खोल्या आणि पूर्वीं मेंढपाळ वापरीत तशा चाकांवरील लांकडी झोपड्या आहेत. अमुक प्राणी दिसेलच अशी हमी या धंद्यांत देतां येत नाहीं. जो देतो, त्यास पुढें जनावरांपुढें खाणें टाकून तीं जवळ आणण्याचा मोह होतो आणि एकदां पाहुण्यांच्या शिदोरीची चटक लागलेलें डुक्कर पुन्हां रानटी होत नाहीं.

हिशेबाची बाजू अशी. नेपचें उत्पन्न चार वाटांनीं येतें: सरकारी अनुदान, मांसाची विक्री, जुने गोठे व कोठारें दुरुस्त करून कचेऱ्यांस व कारखान्यांस दिल्याचें भाडें, आणि पाहुणे. यांतील पाहुण्यांचीच वाट तेवढी लोकांच्या डोळ्यांत भरते. इंग्लंडांतील शेतजमिनीच्या क्षेत्रावर मिळणारें अनुदान २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें कमी करण्यांत आलें व त्याच्या जागीं निसर्गरक्षणाच्या कामाबद्दल पैसे देण्याची पद्धत आली, ही गोष्ट अशा इस्टेटींस अनुकूल ठरली. लंडन शहरही तेथून पन्नास मैलांच्या आंतबाहेर आहे. चांगल्या गव्हाच्या जमिनीवर हाच प्रयोग करावा काय, असें कोणी विचारील तर आमचें उत्तर नकारार्थी आहे. ज्या जमिनीनें दोन पिढ्या तोटा दिला तिच्यापुरताच तो शहाणपणाचा होय.

आपल्याकडे तर तो जसाच्या तसा करतांच येणार नाहीं. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानें कुटुंबाजवळील जमिनीची मर्यादा प्रतीप्रमाणें १८ पासून ५४ एकरांपर्यंत ठरली आहे. तेवढ्यांत गुरांचे कळप मोकळे सोडणें शक्य नाहीं. रानडुकरांस पाहुण्यांसाठीं थारा दिला तर शेजाऱ्याचा भुईमूग राहणार नाहीं. तथापि वाटाड्याचा धडा येथेंही लागू पडतो, आणि तो गांवानें एकत्र येऊन घेतल्यास अधिक बरा. रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें समुद्री कांसवांचीं अंडीं राखून पिलें समुद्रांत सोडलीं जातात. तीं पाहण्यास येणारे लोक गांवकऱ्यांच्या घरीं उतरतात व घरचें जेवण जेवतात. कांसवाचें पिलूं कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नाहीं, म्हणून त्याचा लाभही अनेक घरांस होतो. उलट भंडारदऱ्याच्या बाजूस पावसाच्या तोंडावर काजवे पाहण्यास होणारी गर्दी पाहावी. काजवा आपल्या जोडीदारास प्रकाशानेंच खूण देतो. मोटारींचे दिवे व हातांतील विजेऱ्या त्याच झाडांवर पडल्या म्हणजे ती खूण पोंचत नाहीं, आणि पाहुण्यांनीं ज्यासाठीं पैसे मोजले तेंच पुढील वर्षीं कमी होतें. तेथें जमीन असणाऱ्यांनीं गाड्या गांवाबाहेर थांबवून, दिवे बंद करवून, दहा-दहांच्या टोळीनें आपल्याच गांवच्या जाणत्या मुलाबरोबर लोकांस पायीं न्यावें, आणि त्या मुलास त्याच्या श्रमाचे पैसे आधीं द्यावेत.