उंची वाढली, फिरकी हरवली

प्रश्न : आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे लखनौच्या चौक भागात स्थायिक. मुलगा चौदा वर्षांचा, लेगस्पिनर. वर्षात झपाट्याने उंच झाला. टप्पा बिघडला, खांदाही दुखावला. डॉक्टरांनी आता गोलंदाजीला परवानगी दिली आहे. लगेच सामने खेळवावेत का?

उत्तर : नाही. आणि टप्पा बिघडला म्हणून त्याला रागावूही नका. या वयात हाडं आधी लांबतात, स्नायू मागाहून ताकद धरतात. हात लांब झाला की चेंडू सुटण्याची जागा बदलते. जुना अंदाज चुकणारच. शिवाय हाडांच्या टोकाची वाढीची कूर्चा अजून नाजूक असते, म्हणून दुखणं अंगावर काढू नये.

सुरुवात अर्ध्या खेळपट्टीवरून, उभ्या उभ्या. एक दिवसाआड चोवीस चेंडू, तेही साधे लेगब्रेक. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला नाही तरच संख्या वाढवा. मग रनअप, फलंदाज सर्वांत शेवटी. गुगलीची घाई नको. मुलं नेमकी तीच चोरून टाकतात! शाळा, क्लब, गल्ली सगळीकडचे चेंडू एकाच वहीत मांडा. उंची दर महिन्याला मोजा. झपाटा दिसला की चेंडू कमी करा.

थांबावं लागलं म्हणून खेळ संपत नाही. तुमच्या शेजारच्या कानपूरचा फिरकी गोलंदाज कुलदीप यादव 2021 मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने मैदानाबाहेर होता. 2022 च्या आयपीएलमध्ये त्याने 21 बळी घेतले.

खांदा पुन्हा दुखला, तर त्याच दिवशी गोलंदाजी थांबवून डॉक्टरांना दाखवा.